लांबच्या सफरीला 'मार्को पोलो' की 'क्वीन मेरी २'?

महिना-दीड महिना समुद्रावर काढायचा तर जहाज लहानच हवं, असं माझं ठाम मत आहे. 'मार्को पोलो' १९६५ सालचं, पूर्व जर्मनीत बांधलेलं. आधी ते 'अलेक्सांद्र पुश्किन' या नावाने लेनिनग्राड-माँट्रियल फेऱ्या करायचं. लांबी १७६ मीटर, प्रवासी आठशेच्या आसपास. खोल्यांना बाल्कनी नव्हती, त्यामुळे माणसं आपसूक डेकवर यायची. मागच्या बाजूला पायऱ्यांसारखे उतरत गेलेले सागवानी डेक, पायाखाली उन्हाने तापलेली फळी, आणि चार दिवसांत ओळखीचे झालेले चेहरे. लहान असल्यानेच ते अमेझॉन नदीतून थेट ब्राझीलमधल्या मनाउसपर्यंत जायचं.

२००४ मध्ये सेवेत आलेलं 'क्वीन मेरी २' ३४५ मीटरचं. ग्रंथालय, तारांगण, कुत्र्यांसाठीही सोय. खवळलेल्या अटलांटिकमध्ये ते जास्त स्थिर, आणि ज्यांना बोट लागते त्यांनी तेच निवडावं. पण अडीच हजारांहून अधिक प्रवाशांत काल जेवताना भेटलेला माणूस आज पुन्हा दिसेलच असं नाही. पनामा कालव्याच्या जुन्या दारांतूनही ते मावत नाही.

'मार्को पोलो' आता नाही. २०२१ मध्ये गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर ते तोडायला आणलं. फार वाईट वाटलं.