बोअरच्या पाण्याची युरेनियम टेस्ट करून घेतली (ग्वाल्हेर) ४/५

आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो, नळाला तिघरा धरणाचं पाणी कमी आलं की बोअर चालू. आईचं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ताची तपासणी) वाढलं तेव्हा डॉक्टर म्हणाले पाणी तपासून घ्या. आधी आरओवाला आला, टीडीएस मीटर ग्लासात बुडवलं, ४८० आलं, म्हणाला काकू पाणी एकदम ओके. अहो पण टीडीएस म्हणजे विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा अंदाज, युरेनियम असतं लिटरला काही मायक्रोग्रॅम, ते त्यात कसं दिसणार? रंग नाही, वास नाही, चव नाही. इकडे बुंदेलखंडचा ग्रॅनाइट, त्यात युरेनियम मुळातच असतं आणि पाण्यात बायकार्बोनेट, नायट्रेट जास्त असले की ते सुटून पाण्यात उतरतं.

मग ही लॅब शोधली. मुलगा घरी आला, आधी दहा मिनिटं मोटर चालू ठेवायला लावली, मग प्लास्टिकच्या बाटलीत पाणी भरून ड्रॉपरने अॅसिडचे थेंब टाकले, मी विचारलं हे कशाला तर म्हणाला नाहीतर युरेनियम बाटलीलाच चिकटून बसतं. रॅडॉनची (युरेनियमपासून तयार होणारा किरणोत्सारी गॅस) बाटली काचेची, काठोकाठ, एक बुडबुडा दिसला तर त्याने ओतून पुन्हा भरली, कारण तो गॅस, उडून जातो, शिवाय ३.८ दिवसांत निम्मा होतो. इतकं काळजीपूर्वक काम बघून खूप बरं वाटलं.

रिपोर्टमध्ये युरेनियम लिटरला ४१ मायक्रोग्रॅम आणि पुढे चक्क 'पास'! त्यांनी अणुऊर्जा नियामक परिषदेची ६० ची मर्यादा धरली होती, डब्ल्यूएचओची ३० आहे आणि ती किडनीच्या धोक्यावरूनच ठरवलीय, कारण पाण्यातलं युरेनियम रेडिएशनपेक्षा जड धातू म्हणून जास्त त्रास देतं. फोन केला तर मॅडमनी हे सगळं नीट समजावलं, पण ज्याच्या घरी किडनीचा पेशंट आहे तो 'पास' वाचून निश्चिंत होईल ना, म्हणून एक स्टार कमी. दोन्ही आकडे छापा, प्लीज.

आई वर्षभर पाणी उकळून पीत होती. उकळून रॅडॉन जातो, युरेनियम नाही, पाणी आटतं तसं उलट थोडं वाढतंच. आता आरओ बसवलाय, त्याच्या पाण्याची परत टेस्ट केली, २ आलं. माठात तेच भरतो. पावसाळ्यानंतर बोअरची बाटली पुन्हा देणार, जमिनीतल्या पाण्याची पातळी बदलली की आकडाही बदलू शकतो म्हणे.