गोचीडतापाचं गणित: सूत्र, समीकरणं की सिम्युलेशन?

गोचीडतापाच्या, म्हणजे गोचिडींतून गुरांना होणाऱ्या बॅबेसिया आणि थायलेरिया या रक्तातल्या परजीवींच्या रोगांच्या, मॉडेलिंगला (गणिती मांडणीला) हात घालणारे बहुतेक जण आधी विचारतात, सॉफ्टवेअर कुठलं? मी उलट विचारतो, रक्ताचे नमुने किती आहेत?

हाताशी फक्त वासरांच्या अँटिबॉडी तपासण्या असतील, तर महोनी आणि रॉस या संशोधकांचं १९७२ चं बॅबेसियाचं सूत्र पुरतं: लागणीतून सुटलेल्यांचा वाटा = e^(−रोजचा दर × दिवस). समजा, नऊ महिन्यांच्या १०० वासरांत ६० पॉझिटिव्ह निघाली. म्हणजे २७० दिवसांत ४० जण सुटले; त्यावरून लागणीचा रोजचा दर साधारण ०.००३४ येतो. गोचीडनाशकाने तो निम्मा केला, तर पॉझिटिव्ह ३० नाही, ३७ होतात आणि ६३ वासरं लागण न होताच मोठी होतात. वासरांना हा आजार सहसा सौम्य जातो. मोठेपणी पहिल्यांदा लागण झाली की रक्तलघवी होऊन जनावर दगावू शकतं. अर्धवट फवारणीने रोग कसा भडकतो, ते असं कॅल्क्युलेटरवरच दिसतं. (तीन महिन्यांच्या आतली वासरं नमुन्यात नकोत, त्यांच्यात चिकातून आलेल्या अँटिबॉडी असतात.) या सूत्राला ऋतू मात्र कळत नाहीत.

फवारणी कधी करायची, लस किती जनावरांना द्यायची, हे ठरवायचं असेल तर अवकल समीकरणं (निरोगी, आजारी अशा कप्प्यांतली जनावरं काळानुसार कशी बदलतात ते मांडणारी) घ्या. बरं झालेलं जनावर वाहक राहतं, म्हणजे परजीवी अंगात बाळगतं, तो कप्पा गाळू नका. आणि मलेरियाची समीकरणं उचलून डासाच्या जागी गोचीड लिहू नका. हे सर्रास होतं. डास अनेकांना चावत फिरतो. बॅबेसिया पसरवणारी गोचीड, ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस, तीनेक आठवडे एकाच जनावराला चिकटून असते, बॅबेसिया तिच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरतो. थायलेरिया अंड्यांतून जात नाही. हायलोमा ही दुसरी गोचीड तो वाढीच्या एका अवस्थेत उचलते नि पुढच्या अवस्थेत दुसऱ्या जनावराला देते. दोन्ही रोगांना समीकरणांचा एकच संच लावला की उत्तर चुकलंच.

एकेक जनावर वेगळं धरणारं सिम्युलेशन छोट्या गोठ्यासाठी. वीस जनावरांत समीकरणं ०.३ आजारी गाय शिल्लक ठेवतात आणि रोग पुन्हा उसळवतात. खरी गाय एक तरी असते किंवा नसते. मोजक्याच गुरांवर बहुतेक गोचिडी असतात, तेही इथे नीट मांडता येतं. पण ते शेकडो वेळा चालवावं लागतं, आणि अंडी कुठल्या तापमानाला किती दिवसांत फुटतात असे आकडे अंदाजाने भरले तर आलेख नुसते देखणे येतात.

माझा कौल सूत्राने सुरुवात करण्याला. वेगवेगळ्या वयांच्या वासरांचे आकडे त्यात बसेनात, तेव्हा समीकरणांकडे वळा. गोचिडी मोजायला माणूस मिळेपर्यंत सिम्युलेशन उघडूच नका.