काळजीची यादी मीच दिली

पहिल्या भेटीत ठेकेदाराने आगाऊ रक्कम मागितली नाही. ओटीवर बसला, चहा घेतला आणि म्हणाला, "साहेब, कामाचं मी बघतो. तुम्हाला मुंबईत बसून काळजी कसली वाटते, तेवढं फक्त सांगा." इतक्या आपुलकीने तोवर कुणी विचारलंच नव्हतं. मी तासभर बोललो. वाळवी, पाऊस, सीआरझेड म्हणजे समुद्रकिनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम, चतुर्थीच्या आत घर तयार होईल की नाही, सगळं सांगितलं. तो मान हलवत ऐकत होता. पुढच्या चार महिन्यांत यातल्या एकेका काळजीचं वेगळं बिल आलं, तेही साधारण मी सांगितलेल्या क्रमानेच.

घर देवगड तालुक्यात, समुद्रापासून दीडशे मीटरवर. चिऱ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, पुढे पडवी, मागे विहीर, एकूण सहा गुंठे. ग्रामपंचायतीच्या घरपत्रकात बांधणीचं साल १९५३. आमच्या वडिलोपार्जित घरात आता इतके वाटे झालेत की माझ्या वाट्याला माजघराचा एक कोपरा येतो, म्हणून त्याच वाडीतलं हे घर घेतलं. खरेदीच्या वेळी मी जो अभ्यास केला, तेवढा दहावीलासुद्धा केला नव्हता. सातबाऱ्यावर नऊ नावं होती, नवाही जणांच्या सह्या घेतल्या. बडोद्याच्या बहिणीचं कुलमुखत्यारपत्र खरं आहे ना, हे तिला फोन करून विचारलं. इतर हक्कात कूळ नाही, विहिरीत दुसऱ्याचा हिस्सा नाही, येण्याजाण्याची वाट कुणाच्या परड्यातून जात नाही, सगळं तपासलं. तीस वर्षांचा शोध अहवाल काढला. शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं, त्यासाठी गावचा आठ अ, म्हणजे जमिनीचा खातेउतारा, जोडला. नोव्हेंबर २०२३ मध्ये दस्त नोंदला आणि मी सुटकेचा श्वास टाकला. कोकणात माणूस फसतो तो कागदात, असं लहानपणापासून ऐकत आलो होतो. कागद तर चोख होते. त्यामुळे पुढचं सगळं मी डोळे मिटून केलं.

आधी लाकडाबद्दल सांगतो, कारण गेलं ते लाकूड.

छपराला आठ तुळया होत्या, बारा फूट लांब, सहा बाय आठ इंच. खाली दहा खांब. दोन्ही साग. वासे किंजळीचे आणि ऐनाचे. चुलीचा सत्तर वर्षांचा धूर बसून सगळं डांबरासारखं काळं झालं होतं. माजघरातल्या तुळईला पाळण्याची लोखंडी कडी होती. विकणाऱ्या आजोबांनी ती बोटाने दाखवून सांगितलं होतं, आम्ही सहाही भावंडं याच कडीखाली झोपलो. मी तिचा फोटो काढून घेतला. बाकीच्या लाकडाचा एकही फोटो काढला नाही.

ठरलं होतं ते एवढंच: कौलं उतरवायची, कुजलेले वासे-रिपा बदलायच्या, कौलं परत चढवायची. अंदाजपत्रक सहा लाख चाळीस हजारांचं, साध्या कागदावर. १० मे २०२४, अक्षय्य तृतीया. रात्री साडेदहाला फोन आला. तो नेहमी त्याच सुमाराला करायचा. तेव्हा वाटायचं, बिचारा दिवसभर कामावर असतो. आता वाटतं, रात्री साडेदहाला डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये एकटा जागा असलेला माणूस कशालाही हो म्हणतो, हे त्याला पक्कं माहीत होतं.

"साहेब, कौलां उतरलंव आणि बघतंय तर सगळां लाकूड पोखारलेलां. ह्या छपराखाली पोरांबाळांक निजवूचां धाडस आमका तरी नाय होवचां."

पाठोपाठ सहा फोटो आले. वाळवीने खाल्लेलं, भुसा सांडणारं लाकूड. मी ते फोटो बायकोला दाखवले, भावाला पाठवले, रात्री दोनपर्यंत मोठे करकरून बघत बसलो. इतकं बघूनही एक गोष्ट दिसली नाही. सहाही फोटोंत तोच एक चौकोनी डोक्याचा खिळा आहे. एकाच वाशाचं टोक सहा बाजूंनी टिपलं होतं. ते टोकही पागोळीकडचं, जिथे प्रत्येक घराचं लाकूड कुजतंच. हे मला चार महिन्यांनी दिसलं, तेही पुतणीने दाखवलं म्हणून.

सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा जात नाही. ती खाते सालीलगतचा फिकट भाग, किंवा आंबा, सावर असलं मऊ लाकूड. धारदार टोच्याने खोचून बघितलं, हातोडीने ठोकून आवाज ऐकला, तर भरीव की पोकळ हे गावातला कुठलाही सुतार दहा मिनिटांत सांगतो. त्याची दिवसाची मजुरी देऊन बोलावला असता तरी परवडलं असतं. पण सुतार ठेकेदाराचाच होता.

आणि मुख्य म्हणजे कौलं खाली उतरलेली होती. मृग चार आठवड्यांवर, मधे वळीव कधीही येणार. डोक्यावर छप्पर नसलेल्या घराचा मालक घासाघीस करत नाही. लाकूड बघायचं असेल तर कौलं जागेवर असताना बघा. चार कौलं सरकवली की आढं, तुळया, वासे सगळं दिसतं. सगळी कौलं उतरल्यावर कळणारा दोष दरवेळी ठेकेदाराच्याच सोयीचा निघतो.

मी उत्तर पाठवलं: "काय करायचं ते करा, पण पावसाआधी करा. ते लाकूड काढून टाका एकदाचं." वेळ रात्री १०.५२. हा मेसेज पुढे पुन्हा भेटेल.

लाकडाऐवजी लोखंडी चौकोनी पाइप घालून वर तीच कौलं, असं ठरलं. जुनं लाकूड जळाऊ भावाने गेलं म्हणून बिलातून अठरा हजार वजा केले. मी त्याचा प्रामाणिकपणा बायकोला कौतुकाने सांगितला, हे लिहिताना आजही कान तापतात.

सीआरझेडचं बिल छोटं होतं. "कोणीतरी तक्रार केल्यान, काम बंद पडात," असा फोन, आणि वरच्या खर्चाला वीस हजार रोख. पावती नाही. मी दिले. यात मी धुतल्या तांदळाचा नाही, हे मान्य आहे. कुणी तक्रार केलीच नव्हती आणि ते पैसे कुठल्या टेबलापर्यंत गेलेही नसावेत. २०१९ ची अधिसूचना नंतर वाचली. ना-विकास पट्ट्यातसुद्धा जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती करता येते, जोत्याचं क्षेत्र आणि एकूण बांधकाम वाढवायचं नाही एवढंच. सातबाऱ्याची अक्षरं भिंगातून वाचणाऱ्या माणसाने हे एक पान वाचलं नव्हतं.

आता लोखंड. हे काम किलोवर असतं, आणि खरी मेख तिथेच. दोन इंची पाइप, जाडी २.९ मिलिमीटर, गंज रोखणाऱ्या रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वर इपॉक्सी रंग, असं बोलणं होतं. बिल आलं १,८८० किलोंचं, १३० रुपयांनी, २,४४,४०० रुपये. वजनकाट्याची चिठ्ठी मागितली तर "पावसात भिजली." मे महिन्यात. मी तेही गिळलं, कारण त्याच्या पुढच्याच वाक्यात चतुर्थी होती.

चतुर्थी ७ सप्टेंबरची. आदल्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो. इतकी वर्षं फ्लॅटमध्ये बसणारा गणपती पहिल्यांदा गावात बसणार होता. शेजारच्या काकी माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळापानांची चौकट, बांधायला मदतीला आल्या. आंब्याचे टाळे, कवंडळं, तवशी, सुपारीचे शिपटे, तिरफळं, सगळं सूप भरून घेऊन. माटवीच्या दोऱ्या बांधायला वर हात केला आणि तशाच थांबल्या.

"अरे झिला, हय खुंटयो होत्यो."

तुळयांना माटवीसाठी लाकडी खुंट्या ठोकलेल्या होत्या, मला ठाऊकच नव्हतं. मी वाळवीचं सांगितलं. काकींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पाचवीतला पोरगा आणि प्रगतिपुस्तक लपवतोय.

"वाळवी? कोणी सांगल्यान तुका? त्या मेल्याच्या डोळ्यांक लागली वाळवी. दोन टेम्पो भरान गेलां तां लाकूड. आमका वाटलां, तूच विकलंस. म्हणान कोण काय बोलाक नाय."

पूर्ण वाडीने बघितलं होतं. भरदिवसा, दोन टेम्पो, वर ताडपत्रीसुद्धा नाही. आणि कुणी बोललं नाही, कारण मुंबईवाल्याच्या पैशाच्या गोष्टीत कशाला पडा. त्यात त्यांची चूक नाही. मी घर घेतल्यापासून वाडीत कुणाला चहाला बोलावलं नव्हतं. फोन फक्त ठेकेदाराला करत होतो. काकींच्या घरी लँडलाइन आहे, नंबर माझ्या आईच्या डायरीत पहिल्या पानावर आहे.

माटवी शेवटी नायलॉनच्या दोरीने पाइपला बांधली. दोरी ओढली तशी हाताला तांबूस पावडर लागली. एका पावसाळ्यात गंज. खाऱ्या वाऱ्याला चंदेरी रंगाचा एकच हात काय पुरणार? रेड ऑक्साइड कुठे नव्हतंच. मखराच्या मागच्या चुन्याच्या भिंतीवर तपकिरी ओघळ आलेले, ते मुलाने झेंडूच्या माळेने झाकले.

विसर्जनानंतर परड्यात पाइपचा कापून उरलेला एक तुकडा सापडला. चार फूट लांब. काकींकडे आंब्याच्या पेट्या मोजायचा काटा आहे, त्यावर ठेवला. २.९ जाडीचा दोन इंची पाइप मीटरला साधारण ४.२ किलो भरतो, म्हणजे चार फुटांना पाच किलोच्या वर. काटा दाखवत होता तीन किलो सहाशे. म्हणजे जाडी दोनच मिलिमीटर. पातळ पाइप घालून वजन जाड पाइपचं लावलं होतं. त्या हिशोबाने सगळं लोखंड १,३०० किलोंच्या आसपास जातं, फरक सत्तर हजारांवर. तुमच्याकडे असं काम निघालं तर माल उतरताना स्वतः नाहीतर घरचं कुणीतरी तिथे उभं राहा, गाडी भरलेली आणि रिकामी अशी दोन्ही वेळा काट्यावर न्यायला लावा, आणि प्रत्येक मापाचा एक तुकडा आपल्याकडे ठेवा. काढलेलं लाकूड, दरवाजे, जुनी कौलं, मोजून होईपर्यंत परड्याबाहेर जाऊ देऊ नका. एकेका तुळईवर खडूने आकडा घाला आणि आकड्यासकट फोटो काढा. सुतार आणि ठेकेदार एकमेकांना ओळखत नसतील तर उत्तम, आपल्या तालुक्यात तसं सापडणं कठीण आहे खरं.

जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे मी गिऱ्हाईक म्हणून गेलो. पाळण्याची कडी असलेली तुळई काही दिसली नाही, एव्हाना तिच्या फळ्या झाल्या असतील. त्याने जुन्या सागाचा भाव सांगितला घनफुटाला २,२००. हल्ली होमस्टेवाल्यांना काळवंडलेलं लाकूडच हवं असतं म्हणे. आठ तुळया म्हणजे ३२ घनफूट, दहा खांब साडेबावीस. उभ्या उभ्या मोबाईलवर गुणाकार केला, एक लाख वीस हजार होत होते. वासे त्यात धरलेच नाहीत. मला मिळालेले अठरा हजार.

ठेकेदाराला फोन केला तेव्हा तो चिडला नाही, उलट पहिल्या दिवसाइतकाच मऊ बोलला. "साहेब, तुमीच लिवलात ना, काढून टाका म्हणान?" आणि मला माझाच १०.५२ चा मेसेज स्क्रीनशॉट करून पाठवला.

वकिलांची नोटीस गेल्यावर साठ हजार परत आले, दोन हप्त्यांत. उरलेल्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. मुदत दोन वर्षांची असते, पाच लाखांपर्यंतच्या कामाला शुल्क नाही. माझं काम त्याच्या वर गेलं, त्यामुळे थोडं भरावं लागलं. कुणाला सुरुवातीची चौकशीच करायची असेल तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन आहे. यूपीआयने दिलेले पैसे दाखवता आले, रोख दिलेल्यांचा काहीच पुरावा नाही. करार शंभराच्या मुद्रांकावर केला असता तरी पाइपची जाडी लेखी राहिली असती. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून तो मुद्रांक पाचशेचा झाला, तरी करा. लेखी नसल्यामुळे २.९ मिलिमीटर ठरले होते हे माझं म्हणणं आहे आणि ठरले नव्हते हे त्याचं.

वकील म्हणाले, तो पाइपचा तुकडा तेवढा जपा. तो डोंबिवलीत पलंगाखाली वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला आहे. दर दोन-तीन महिन्यांनी कागद बदलावा लागतो, कारण गंज फरशीला लागतो आणि बायको विचारते, ह्याची तारीख कधी आहे?