डीप ऑटम आणि माझ्या कपाटातले हिरवे रंग : कलर अ‍ॅनालिसिस वापरून पाहिल्यानंतर

पावसाळ्याच्या तोंडावर कलर अ‍ॅनालिसिसचं, म्हणजे आपल्याला कुठले रंग शोभतात ते तपासून घ्यायचं, सेशन केलं आणि आता संक्रांतही होऊन गेली. मधला श्रावण, गणपती, नवरात्र, दिवाळी आणि घरातलं एक लग्न, सगळ्यासाठी कपडे याच पद्धतीने निवडले. त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. निकाल आधीच सांगते. लाल, गुलाबी, निळ्यासाठी मला या सगळ्याची फारशी गरज वाटली नाही. हिरव्यासाठी मात्र इतका उपयोग झाला की तेवढ्यावरच फी वसूल झाली. म्हणून हे सगळं हिरव्याबद्दलच लिहिते आहे.

आपल्याकडे हिरवा टाळून चालत नाही. लग्नात हिरवा शालू, निदान हिरवा चुडा. डोहाळजेवणाला हिरवी साडी. हळदीकुंकवाला हिरव्या खणाचं ब्लाउज. नवरात्रात एक दिवस हिरव्याचा. निळा शोभत नसेल तर निळा सोडून देता येतो, हिरवा सोडता येत नाही. आणि हिरवा म्हणजे एक रंग नव्हेच. पिवळ्याच्या अंगाने गेला तर पोपटी आणि मेंदी, निळ्याच्या अंगाने गेला तर रामा आणि मोरपंखी, मध्ये पाचू आणि बॉटल ग्रीन, मळवला की शेवाळी आणि ऑलिव्ह, पांढरा मिसळला की पिस्ता.  

पद्धत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. त्वचा, केस आणि डोळे मिळून तीन गोष्टी बघतात: रंगाची झाक पिवळसर-उबदार आहे की निळसर-थंड, एकूण गडदपणा किती, आणि रंग स्वच्छ आहे की किंचित धुरकट. आल्बर्ट मन्सेल या अमेरिकन चित्रकाराने १९०५ मध्ये रंग मोजायची जी पद्धत मांडली, तीसुद्धा याच तीन अंगांवर उभी आहे. माणसांना ऋतूंच्या नावाने चार गटांत टाकायची कल्पना १९८० च्या सुमाराला अमेरिकेत घरोघरी पोचली: स्प्रिंग उबदार आणि स्वच्छ, समर थंड आणि मऊ, ऑटम उबदार आणि खोल, विंटर थंड आणि ठसठशीत. पुढे प्रत्येकाचे तीन उपगट करून बारा झाले. त्या जुन्या चार गटांत आपल्यासारखी काळे केस, काळे डोळेवाली माणसं सरसकट विंटरमध्ये जायची. तुमच्या ओळखीत कुणाला तसं सांगितलं असेल तर एकदा पुन्हा तपासून घ्यायला सांगा. केस काळे असले म्हणजे त्वचा थंड झाकेची असते असं मुळीच नाही.

माझा रंग गव्हाळ, जरा सावळ्याकडे झुकणारा. सेशन खिडकीसमोर झालं, दिवे बंद, चेहऱ्यावर काही नाही, केसांवर पांढरं कापड. केस झाकणं महत्त्वाचं, कारण मेंदी किंवा डाय लावलेले केस निकाल बिघडवतात. मग गळ्याशी एकामागून एक कापडं. मला सांगितलं होतं की कापडाकडे बघू नका, डोळ्यांखाली, जबड्याच्या रेषेवर आणि ओठांच्या कडेला बघा. पिस्त्याच्या कापडाने डोळ्यांखालचं काळं वर आलं आणि गालावरचे डाग मोजता आले असते. गडद मेंदीच्या कापडाने तेच डाग मागे सरले. उजेड तोच, चेहरा तोच, आणि फरक इतका ठळक की सोबत आलेल्या माझ्या बहिणीने न विचारताच बोट दाखवलं. मी डीप ऑटम, म्हणजे ऑटममधला गडद उपगट, ठरले आणि त्या गटाच्या रंगांच्या पट्ट्यांचा एक पंखा हातात मिळाला.

हे का घडतं हे मला कळायला हवं होतं, म्हणून वाचलं. दोन कारणं दिसतात. एक अगदी साधं: गळ्याजवळच्या कापडावरून उजेड उसळून हनुवटीखाली आणि गालांच्या खालच्या भागावर पडतो आणि तिथे त्या रंगाची छटा चढते. दुसरं आपल्या नजरेतलं. मिशेल शेव्हरल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून पॅरिसच्या, चित्रं विणणाऱ्या गोबलँ कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. काळे धागे फिके दिसतात अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याच्या लक्षात आलं की रंगात खोट नाही, शेजारी कुठला रंग आहे त्याने काळ्याचं रूप बदलतं. १८३९ च्या आपल्या ग्रंथात त्याने हा नियम कपडे आणि चेहऱ्यालाही लावला: हिरवं कापड शेजारच्या त्वचेवर आपला विरुद्ध रंग, म्हणजे लालसरपणा, चढवतं. गोऱ्या, फिकट चेहऱ्याला कोवळा हिरवा गुलाबी करतो तो यामुळे. पण आपल्या त्वचेत आधीच तांबूस-तपकिरी भर असते, तिच्यावर आणखी लालसर चढलं तर काहींना उजळ दिसतं आणि काहींना विटकरी. कुणाला कुठला हिरवा, हा प्रश्न इथून सुरू होतो.

आता रोजच्या वापराचं. ऑफिसच्या कुर्त्यांमध्ये मेंदी आणि गडद ऑलिव्ह माझ्यासाठी हुकमी निघाले. मेकअप न करता, झोप अपुरी झालेल्या दिवशीसुद्धा चेहरा ताजा दिसतो. पंख्यात खाकीकडे झुकणारा मध्यम ऑलिव्हही आहे. तो मात्र मला चालत नाही आणि याचं कारण पंखा सांगत नाही. तो रंग माझ्या त्वचेच्या इतका जवळचा आहे, गडदपणातही आणि झाकेतही, की चेहरा आणि कुर्ता एकच सपाट पट्टा होतो. सावळ्या किंवा गव्हाळ बायकांनी हे नक्की लक्षात ठेवावं: आपल्या गटाचा रंग असला तरी तो त्वचेपेक्षा स्पष्ट गडद किंवा स्पष्ट फिका हवा. परदेशी तक्ते फिकट त्वचा समोर धरून बनलेले असतात. तिथे मध्यम ऑलिव्ह त्वचेपासून आपोआप लांब पडतो, आपल्याकडे पडत नाही.

पोपटी कोवळ्या पालवीसारखा, स्प्रिंगवाल्यांचा. मी तो चेहऱ्यापासून दूर, सलवार किंवा पेटीकोटच्या काठात वापरते.

बॉटल ग्रीनबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण बहुतेक जणी ‘बॉटल ग्रीन सगळ्यांना शोभतो’ म्हणून डोळे मिटून घेतात. या एका नावाखाली दुकानात निदान दोन वेगळे रंग विकले जातात. एकात निळं जास्त, तो विंटरचा. दुसऱ्यात पिवळं जास्त, जुन्या औषधाच्या बाटलीसारखा, तो ऑटमचा. घडीत दोन्ही जवळजवळ काळे दिसतात आणि ओळखू येत नाहीत. कापडाचा एक पदर उजेडासमोर धरला किंवा शेजारी पाचूचं कापड ठेवलं की लगेच कळतं. माझ्याकडे आता दोन्ही आहेत. निळसर बॉटल ग्रीन घातला की मी थकलेली दिसते, पिवळसरमध्ये नाही.

दुकानातल्या दिव्यांचं काय करायचं हे सेशनमध्ये कुणी सांगितलं नाही, ते स्वतः शिकावं लागलं. साड्यांच्या दुकानात गादीवर पिवळसर दिवे असतात, जरीचे काठ चमकावेत म्हणून. त्या प्रकाशात प्रत्येक हिरवा उबदार वाटतो. उलट पांढऱ्या ट्यूबखाली तोच हिरवा निळसर होतो. त्यावर मेटॅमेरिझम: दोन हिरवे एका दिव्याखाली अगदी जुळतात आणि उन्हात वेगळे पडतात. साडीला मॅचिंग ब्लाउजपीस घेताना हा त्रास सगळ्यांत जास्त होतो, कारण साडी रेशमाची, ब्लाउजपीस सुती किंवा सिंथेटिक, आणि रंग वेगळ्या रसायनांचे. आता मी दुकानदाराला सरळ सांगते, ‘दादा, दारात बघते.’ ते आनंदाने देतात. दुपारी, थेट ऊन नको, पायरीवरच्या सावलीत. संध्याकाळी सातनंतर हिरवा घ्यायला जात नाही.

साडीबद्दल या पद्धतीत काहीच तयार उत्तर नसतं आणि माझ्यासाठी खरी कसोटी तिथेच होती. कुर्ता एका रंगाचा असतो. साडीत चेहऱ्याजवळ येतो तो ब्लाउजचा गळा आणि खांद्यावरच्या पदराच्या निऱ्या, बाकी सगळं कमरेखाली. घरातल्या लग्नात मला पाचू रंगाची पैठणी नेसायची होती, आणि पाचू तर विंटरचा. पंख्याप्रमाणे तिला नकार द्यायला हवा होता. मी ती नेसले, दोन बदल करून. ब्लाउज डाळिंबी घेतलं, सोनेरी काठाचं, म्हणजे गळ्याशी हिरवा आलाच नाही. आणि गळ्यात ठुशी. बावीस कॅरेटचं सोनं मानेलगत आलं की चेहरा आणि कापड यांच्यामध्ये एक उबदार पट्टी तयार होते, थंड हिरवा मग त्रास देत नाही. आपले दागिने बहुतांश पिवळ्या सोन्याचे, त्यामुळे थंड रंगांना आपल्याकडे जरा जास्त सूट मिळते असं माझं ठाम मत झालं आहे. तीच साडी चांदीच्या दागिन्यांसोबत आरशासमोर धरून पाहिली, तेव्हा फरक उघड दिसला.

धूपछांव कापडाची आणखी एक गोष्ट. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या, त्यामुळे हालचालीबरोबर रंग पालटतो. हिरव्यात मला दोन प्रकार मिळाले: हिरवा-लाल आणि हिरवा-निळा. हिरवा-लाल दुरून मेंदी-तपकिरी होतो आणि ऑटमला झकास बसतो. हिरवा-निळा मोरपंखी होतो. पंख्याच्या पट्टीवर यांना जागाच नाही, ते अंगावर घेऊनच बघावे लागतात. पोताचंही तसंच. तोच मेंदी रेशमावर चमकून तेजस्वी दिसतो, खादीवर मळलेला. मऊ झाकेच्या माणसाने सुती आणि खादी बघावी, ठसठशीत माणसाने रेशीम.

वहिनीच्या डोहाळजेवणाची साडी निवडायचं काम माझ्याकडे आलं होतं. ती गोरी, गुलाबी झाक असलेली, डोळे घारे. तिच्या सासूबाईंनी मेंदी रंगाची सांगितली होती, ती साडी वहिनीवर धरली तर वहिनी आजारी वाटायला लागली. रामा रंगाची धरली आणि सासूबाईच म्हणाल्या, ‘हीच घ्या गं.’ साडी हिरवीच राहिली, रीतही सांभाळली गेली आणि फोटोत वहिनी इतकी सुंदर दिसते की तो फोटो आता हॉलमध्ये लावला आहे. वैयक्तिक पंख्यापेक्षा हे बघण्याचं कौशल्य मला जास्त मोलाचं वाटतं.

नैसर्गिक रंगाचे हिरवे कपडे घेणार असाल तर एक जपा. वनस्पतींपासून पक्का हिरवा थेट असा मिळत नाही. कापड आधी निळीत बुडवतात आणि मग हळद, डाळिंबाची साल किंवा हरड्याचा पिवळा त्यावर चढवतात, किंवा आधी पिवळा आणि मग नीळ. पिवळा आधी उडतो, नीळ टिकते. युरोपातल्या जुन्या विणलेल्या चित्रांत झाडांची पानं आज निळी दिसतात त्याचं कारण हेच. म्हणजे उबदार म्हणून घेतलेला हिरवा उन्हात वाळवून वाळवून थंड होत जातो. माझा असाच एक दुपट्टा खांद्याच्या घडीवर निळसर झाला आहे. सावलीत, उलटा करून वाळवा.

न पटलेल्या गोष्टीही आहेत. मनगटाच्या शिरा हिरव्या की निळ्या यावरून झाक ठरवायची चाचणी गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर काहीच सांगत नाही, त्वचेच्या रंगातून बघताना माझ्या शिरा तर दोन्ही दिसतात. फोनवरची फिल्टरं आणि अ‍ॅप अजिबात वापरू नका. कॅमेरा स्वतःच पांढरा रंग जुळवून घेतो आणि चेहरा गुळगुळीत करतो, मला खिडकीपाशी एक ऋतू आणि स्वयंपाकघरात दुसरा दाखवला. ऑफिसमधली मैत्रीण दोन ठिकाणी गेली आणि दोन ऋतू घेऊन आली. बारा कप्प्यांना भक्कम शास्त्रीय पुरावा आहे असं समजून पैसे भरू नयेत. झाक, गडदपणा आणि स्वच्छपणा हे तीन प्रश्न मात्र खरे आहेत आणि ते कुणालाही घरी करून बघता येतात.

घरी करायचं तर घरातल्याच साड्या-ओढण्या काढा: एक पोपटी, एक मेंदी, एक पाचू, एक रामा, एक पिस्ता, एक बॉटल ग्रीन, एक शेवाळी. सकाळी दहाच्या सुमाराला खिडकीसमोर, केस झाकून, गळ्याशी एकेक धरा आणि शेजारी असं माणूस बसवा जे तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलणार नाही. आधी मेंदी आणि रामा समोरासमोर, तिथे झाक कळते. मग पिस्ता आणि बॉटल ग्रीन, तिथे गडदपणा. पाचू आणि शेवाळी शेवटी.

पुरुषांनाही हे तितकंच लागू पडतं, उलट शर्टाची कॉलर थेट हनुवटीखाली असल्यामुळे जास्तच. भावाने लग्नाला पिस्ता कुर्ता ठरवला होता. खिडकीपाशी उभं करून पिवळसर बॉटल ग्रीन धरला, त्याने स्वतःच पिस्ता बदलून घेतला, आणि आता ऑफिसचे शर्ट घ्यायच्या आधी मला दारातल्या उजेडातला फोटो पाठवतो, शेजारी एक पांढरा कागद धरून, म्हणजे कॅमेऱ्याने रंग किती ओढला आहे ते मला कळतं.