मालवणची स्नॉर्केलिंग सेवा : उधाण, भांग आणि पावाचा चुरा

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या खडकांवरील प्रवाळ दाखवण्याचा व्यवसाय मालवणात आता अनेक जण करतात. आम्ही डिसेंबरात एका मच्छीमार कुटुंबाची सेवा घेतली. तिच्याबद्दल मुख्यतः चांगलेच लिहायचे आहे, आणि त्याचे पहिले कारण असे की त्यांनी आमच्या सोयीचा दिवस सरळ नाकारला. आम्ही मागितलेली तारीख अमावास्येला लागून होती. उधाणाच्या दिवसांत पाण्याला ओढ जास्त असते, तळाचा गाळ उठतो आणि समोरचेही धूसर दिसते. म्हणून तांडेलांनी, म्हणजे होडीच्या प्रमुखांनी, आम्हाला अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या म्हणजे कमी चढउताराच्या भरतीला बोलावले. नाताळच्या हंगामात गिऱ्हाईक असे पुढे ढकलणे सोपे नसते.

पाणी नितळ मिळाले. होडी आधीच बसवलेल्या बोयाला बांधली, नांगर टाकला नाही. याचे महत्त्व पाण्यात उतरल्यावर कळते : एका घुमटासारख्या प्रवाळाशेजारी पानासारखा पसरट प्रवाळ दुभंगून उलटा पडला होता आणि त्याच्या पांढऱ्या तुटक्या कडेवर शेवाळ चढू लागले होते. घुमटासारखे प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटीमीटर वाढतात, हे लक्षात घेतले तर नांगराच्या एका फटक्याची किंमत समजते.

तक्रार दोन गोष्टींची आहे. छायाचित्रात मासे भरपूर यावेत म्हणून मदतनीस पाण्यात पावाचा चुरा सोडतो. एरवी शेवाळ खाऊन प्रवाळ मोकळा ठेवणारे मासे मग त्या चुऱ्याभोवतीच घोटाळत राहतात, आणि नेमके तेच पर्यटकांना ‘आकर्षण’ म्हणून विकले जाते. दुसरे असे की प्रवाळावर पाय टेकू नये ही सूचना होडीवर घाईघाईत, इंजिनाच्या आवाजात दिली गेली. आमच्यातील निम्म्या लोकांनी ती ऐकलीच नाही.

हा परिसर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर असून त्यातला ३.१८ चौरस किलोमीटरचा भाग गाभा क्षेत्र आहे. स्थानिक मच्छीमारांचा अभयारण्याला असलेला विरोध जुना आहे, आणि पोटाचा प्रश्न असल्याने तो समजण्यासारखाही आहे. परंतु ज्या होडीने पूर्वी केवळ मासळी आणली तीच आता प्रवाळ जिवंत असण्यावर कमावते, हा बदल कोणत्याही सूचनाफलकापेक्षा अधिक उपयोगी ठरेल असे मला वाटते.

दर इतरांपेक्षा थोडा अधिक आहे, तो वाजवी वाटला. मास्क स्वच्छ होते, लाइफ जॅकेट मात्र लहान मुलांच्या मापाची नव्हती. पावसाळ्यात सेवा बंद असते आणि पावसानंतर लगेच पाणी गढूळ मिळू शकते, त्यामुळे डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. आरक्षण करताना सुट्टीआधी तिथी पाहावी आणि पाव नको हे होडीत बसण्यापूर्वीच सांगावे.