झाड शिफ्ट करणारी सर्विस: मुळांचं काम एक नंबर, नंतरच्या नावाने बोंब

सोसायटीत ड्रेनेजची नवीन लाईन टाकायची होती आणि नेमकं मधे जुनं उंबराचं झाड, पलीकडे आंबा. पालिकेची परवानगी काढली (१९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे ती लागतेच, कुणी 'नंतर बघू' म्हणालं तर ऐकू नका) आणि एका कॉन्ट्रॅक्टरला काम दिलं. नाव लिहीत नाही कारण तक्रारपण आहे.

आधी एक जेसीबीवाला आलेला, म्हणे दुपारपर्यंत उपटून तिकडे लावून देतो. या कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांनी मात्र बुंध्याच्या जाडीच्या साधारण दहापट रुंद गोल आखला, त्यातला अर्धाच खणला, मुळं करवतीने साफ कापली, चर मातीने बुजवला आणि गेले घरी! उरलेला अर्धा बऱ्याच दिवसांनी. कारण पाणी ओढणारी बारीक मुळं बुंध्याला चिकटून नसतात, लांब पसरलेली असतात आणि तीसुद्धा बहुतेक वरच्या दीड-दोन फुटात, सगळी एकदम तोडली तर झाड पाणी घेणार कुठनं. दुसऱ्या खेपेला सुपरवायझरने जुना चर हाताने उकरून दाखवला, अंगठ्याएवढ्या मुळाच्या कापलेल्या टोकाशी पांढऱ्या शेवयांसारखी नवी मुळं. शेंड्याकडून ऑक्सिन नावाचं हार्मोन खाली येतं ते कापलेल्या जागी साठतं, म्हणून फुटवे तिथंच. जेसीबीने ओरबाडलेलं मूळ चिरत जातं आणि सडायची भीती जास्त.

हलवल्यावर उंबराने पानं टाकली, सेक्रेटरींनी लगेच ग्रुपवर श्रद्धांजली टाकली. अहो, मुळं कमी झाली की झाड पानं टाकून पाणी वाचवतं आणि खोडात साठवलेल्यावर दिवस काढतं. नखाने साल खरवडली तर आत हिरवीगार होती, पुढे पालवी आलीच.

आता तक्रार. आंब्याच्या फांद्या यांनी पार भुंड्या केल्या, 'बाष्पीभवन कमी होतं' म्हणून. मोडक्या-वाळक्या काढा ना, पण पानंच नाहीत तर अन्न कोण बनवणार आणि ऑक्सिन कुठनं येणार? आंबा अजून रडतोय. वर हुंडीला (मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याला) पाणी घालायला कुणी फिरकलंच नाही, टँकर आम्हीच मागवला.

साडेतीन स्टार. वड, पिंपळ, उंबर असेल तर अशा माणसांना बिनधास्त बोलवा, आंबा असेल तर फांद्या किती कापणार आणि वर्षभर पाणी कोण घालणार हे अॅडव्हान्स द्यायच्या आधी लिहून घ्या.