‘वंडर वुमन’ची फोर-के डिस्क: खंदकांसाठी घ्यावी अशी

जून-जुलैत कोकणात वाऱ्याने तारा तुटल्या की नेट जातं आणि ओटीटीवर नुसतं चाक फिरत राहतं. इन्व्हर्टरवर टीव्ही आणि प्लेयर चालत असतील, तर डिस्कचं मात्र काही अडत नाही. पॅटी जेन्किन्स दिग्दर्शित ‘वंडर वुमन’ (2017, 141 मिनिटं) अशी विकत घेऊन घरात ठेवावी. सिनेमा सगळा सारखा चांगला नाही, पण त्याचा मधला युद्धाचा भाग सुपरहिरोपटांत फार क्वचित जमतो तसा जमला आहे.

ही नायिका, म्हणजे डायना, कॉमिकमध्ये आली 1941 साली, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात. सिनेमाने तिला पहिल्या महायुद्धात, नोव्हेंबर 1918 मध्ये नेलं आणि हा निर्णय अगदी योग्य ठरला. खंदकांच्या लढाईत एकट्यादुकट्याचं शौर्य कामाला येत नव्हतं. जर्मन एमजी 08 मशीनगन मिनिटाला साडेचारशे-पाचशे गोळ्या झाडायची; अडीचशे गोळ्यांचा कापडी पट्टा अर्ध्या मिनिटात संपायचा. अशा बंदुकांपुढच्या मोकळ्या चिखलात माणूस उतरलाच तर परत येत नसे. तिथे डायना शिडी चढून वर येते.

हा प्रसंग नीट बघा. आधी अंगावरचा कोट गळून पडतो, मग शिडीवर पाऊल, मग मनगटातल्या कड्यावर पहिली गोळी. ती धावते, आणि मशीनगन सुरू झाल्यावर ढालीमागे गुडघ्यावर बसते, तिथेच खिळते. दिग्दर्शिकेने तिला सगळं उधळत पुढे नेलेलं नाही. शत्रूचा सगळा मारा एका ढालीवर ओढला जातो आणि तेवढ्यात तिचा साथीदार, हेर स्टीव्ह, आणि बाकीचे खंदकातून बाहेर पडतात. एकाने मारा अंगावर घ्यायचा, बाकीच्यांनी पुढे सरकायचं, हे लढाईचं खरं तंत्र आहे, म्हणूनच प्रसंग पटतो. पुढे गावात घंटाघरावरच्या नेमबाजाला पाडायला डायनाला वर झेप घेता यावी म्हणून स्टीव्ह लोखंडी पत्रा उचलून धरतो आणि ‘शील्ड’ म्हणून ओरडतो. ही युक्ती त्याने सुरुवातीला डायनाच्या बेटावर पाहिलेली असते. पटकथेतली ही गाठ अगदी घट्ट बसली आहे.

कोकणातल्या प्रेक्षकाला हे युद्ध परकं नाही. इथली पोरं मराठा पलटणींतून गेली होती. 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) कुटच्या वेढ्यात अडकल्या आणि 29 एप्रिल 1916 ला त्यांना शरण जावं लागलं. घरात एखादं जुनं पदक असेल तर पोरांना सिनेमाआधी दाखवा, वर्षांचा हिशेब आपोआप लागतो.

इतिहास शिकायला मात्र हा सिनेमा लावू नका. सिनेमातली पलटण वर्षभर एकाच जागी अडकलेली सांगितली आहे. प्रत्यक्षात 8 ऑगस्ट 1918 पासून दोस्त सैन्य सतत पुढे सरकत होतं. खलनायक केलेल्या जर्मन सेनापती लुडेनडॉर्फने 26 ऑक्टोबरलाच पद सोडलं होतं आणि तो वारला 1937 साली. त्याच्यासाठी विषारी वायू बनवणाऱ्या डॉक्टर मारूचा वायूही कल्पनेतला. खऱ्या मस्टर्ड गॅसमध्ये गंधक असतं, फोड काही तासांनी येतात आणि त्वचा, डोळे, फुप्फुसं भाजतात. सिनेमात तो हायड्रोजनवर आधारलेला आणि ज्वालाग्राही आहे, कारण शेवटच्या स्फोटासाठी तो पेटायला हवा.

आता चित्राबद्दल. सिनेमा 35 मिमी फिल्मवर चित्रित झाला आहे, त्यामुळे फिल्मचा बारीक दाणा (ग्रेन) दिसणारच. टीव्हीवर ‘नॉइज रिडक्शन’ चालू असेल तर तो दाणा पुसला जातो आणि चेहरे मेणाचे वाटू लागतात. ते बंद करा, ‘मोशन स्मूथिंग’ही बंद करा. सुरुवातीचं बेट इटलीच्या किनाऱ्यावर चित्रित झालंय. त्यातलं ऊन आणि निळं पाणी फोर-केवर झकास दिसतं. लंडन आणि आघाडी मुद्दाम राखाडी-निळसर ठेवली आहे. रंग उडालेत असं वाटून ‘व्हिव्हिड’ मोड लावू नका, खंदकातला चिखल जांभळट होतो.

गोंधळ होतो तो प्रोजेक्टरवर. मे महिन्यात चाकरमानी आले की खळ्यात पडदा लावण्याची हौस सगळ्यांनाच असते. बहुतेक स्वस्त प्रोजेक्टर एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारा) सिग्नल घेतात, पण तो दाखवण्याइतका उजेड त्यांच्याकडे नसतो, त्यामुळे रात्रीचे प्रसंग काळेठिक्कर पडतात. आठ फूट बाय साडेचार फूट पडद्याचं क्षेत्रफळ 36 चौरस फूट. सिनेमागृहाच्या 16 फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरच्या उजेडाचं माप) प्रमाणाने साध्या पांढऱ्या पडद्यावर 576 ल्युमेन पोचायला हवेत. रंग नीट लावल्यावर उजेड घटतो, म्हणून खरे, म्हणजे प्रमाणित पद्धतीने मोजलेले, हजारभर एएनएसआय ल्युमेन असलेलं यंत्र लागतं. खोक्यावर छापलेल्या ‘9000 ल्युमेन’वर विश्वास ठेवू नका. यंत्र कमी ताकदीचं असेल तर प्लेयरमध्ये एचडीआर बंद करा, नाहीतर सरळ जोडीची ब्लू-रे डिस्क लावा; चित्र जास्त उजळ दिसेल.

सिनेमाची चौकट 2.39:1 आहे, त्यामुळे आठ फुटी पडद्यावर वर-खाली सुमारे सात-सात इंचांच्या काळ्या पट्ट्या येतात. त्या घालवायला ‘झूम’ केलंत तर दोन्ही कडा कापल्या जातात, आणि खंदकाच्या प्रसंगात त्या कडांनाच सैनिक उभे आहेत. चिऱ्याच्या भिंतीवर चुना कितीही मारलात तरी तिची भोकं चेहऱ्यांवर उमटतात. ताणून बांधलेलं पांढरं जाड कापड बरं, आणि मागून वारा येत असेल तर खालच्या काठाला बांबू शिवून घ्या.

आवाजात मोठा फरक ठेवला आहे: कुजबुज हळू, स्फोट कानठळ्या बसवणारे. पत्र्यावर पाऊस वाजत असताना संवाद बुडतात. पाच स्पीकर असतील तर मधला दोन-तीन डेसिबलने वाढवा. नुसत्या टीव्हीवर ‘नाइट मोड’ लावा आणि सबटायटल चालू ठेवा. डायनाची चेलोवरची धून मात्र लहान स्पीकरवर निम्मी हरवते.

शेवटचा भाग फसला आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. तोवर सिनेमा म्हणत असतो की युद्ध एका राक्षसामुळे होत नाही, माणसंच ते करतात. मग युद्धदेव एरीस स्वतः अवतरतो आणि काळोखात रणगाडे आणि लोखंड फेकाफेकी सुरू होते. सगळं संगणकावर घडवलेलं असल्याने वजन जाणवत नाही, आणि कुठे कोण उभं आहे हेही कळत नाही. त्याच वेळी विमानात एकटा असलेला स्टीव्ह काय करतो, त्यातच या भागाचा जीव आहे.

मध्यंतर डिस्कवर नाही. गाव सोडवल्यानंतरच्या रात्री, बर्फात नाच होतो तिथे थांबवा. खंदकाआधी थांबवलंत तर ताण तुटतो. गावावर वायू सुटतो तो प्रसंग दहाच्या आतल्या मुलांना जड जाईल. हिंदी ट्रॅक हवा असेल तर घेण्याआधी वेष्टनाच्या मागची भाषांची यादी वाचा. फोर-के डिस्कला विभागाची (रीजन कोडची) अडचण नसते. ब्लू-रेचा विभाग मात्र पाहावा, भारत ‘सी’मध्ये येतो. स्टीव्हची सेक्रेटरी एट्टा कँडी हिच्यावरचा छोटा उपसंहार बोनसमध्ये आहे, तो चुकवू नका. आणि घरगुती डिस्क घरच्यांपुरतीच. वाडीच्या कार्यक्रमात लावायची तर हक्कधारकाची वेगळी परवानगी लागते.

दमट हवेत डिस्कवर बुरशीचा पांढुरका डाग धरतो आणि चित्र चौकोनांत तुटायला लागतं. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून ठेवा, त्या पावसाळ्यात बदला. पुसायची तर मऊ कापडाने मधून कडेकडे, गोल गोल नाही. एसी गाडीतून आणलेला प्लेयर लगेच लावू नका. आतल्या भिंगावर दव धरतं, तासभर तसाच उघड्यावर राहू द्या.